जुळी बाटली

१

त्या सकाळी माझ्या टेबलावर तीन आकडे होते आणि त्यातला एक खोटा होता. निदान आम्ही सगळे तसं धरून चाललो होतो.

अकरा, दहा आणि त्रेचाळीस.

तिन्ही आकडे एकाच विहिरीच्या पाण्याचे. एकाच दुपारी, एकाच माणसानं, अर्ध्या तासाच्या आत भरलेल्या बाटल्यांचे.

विहीर म्हटलं की डोळ्यासमोर येते तशी ती नव्हती. जमिनीत खोल उतरवलेला वीतभर रुंदीचा पाइप, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. जवळच धातूचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता. भागांवरचं ग्रीस धुवायला तिथे सॉल्व्हंट वापरत आणि ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरत होतं. कुठवर पोचलंय हे कळावं म्हणून कारखान्यापासून वस्तीपर्यंत असे सहा पाइप पुरलेले. सहा नंबर वस्तीच्या अगदी तोंडाशी, आणि तिथून दोनशे पावलांवर वस्तीची पिण्याच्या पाण्याची विहीर. सहा नंबरचा आकडा विसाच्या आत राहिला तर वस्तीनं खुशाल पाणी प्यावं, वर गेला तर वस्तीची विहीर बंद करावी, असं ठरलेलं होतं. पाच वर्षं दर तीन महिन्यांनी मी तो आकडा काढत होते आणि पाच वर्षं वस्ती पाणी पीत होती.

तीन बाटल्यांपैकी पहिली नेहमीची. दुसरीला आम्ही जुळी म्हणायचो. दर खेपेला एका विहिरीतून एकाऐवजी दोन बाटल्या भरायच्या आणि दोन्हीवर वेगवेगळा क्रमांक टाकायचा. कोणता क्रमांक कुठल्या विहिरीचा हे नमुने आणणाऱ्याच्या वहीत असायचं, आणि माझे आकडे लिहून होईपर्यंत ती वही साहेबांच्या कपाटात कुलपात. म्हणजे मला जुळी कोणती ते ठाऊक नसायचं. दोन्हींत जेवढा फरक पडेल तेवढी आपली अनिश्चितता, तेवढा आपल्या आकड्यावर भरवसा कमी. तिसरी बाटली कारखान्याच्या केमिस्टनं त्या दिवशी मुद्दाम येऊन आपल्यासाठी मागून घेतली होती आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत तपासली होती.

नेहमीची अकरा. कारखान्याची दहा. जुळी त्रेचाळीस.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले की दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळा एक सांगतात आणि एक बाटली भलतंच सांगते, तेव्हा त्या बाटलीत कोणीतरी काहीतरी घातलंय. कोणी, हेही त्यांना सांगावं लागलं नाही. बाटल्या भरल्या होत्या दोरकाकांनी, आणि दोरकाका राहत होते त्याच वस्तीत. नळाचं पाणी मिळावं म्हणून वस्तीचे अर्जावर अर्ज चालले होते. आकडा चढला असता तर नळ आला असता.

दोरकाका तेव्हा पंचावन्नचे असतील. खांद्यावर कायम दोराचं वेटोळं, म्हणून हे नाव. बावीस वर्षं त्यांनी विहिरींतून पाणी काढलं होतं. त्या दुपारी त्यांच्याकडून झाकणांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि आठ दिवसांनी चौकशीची तारीख पडली. ठपका बसला असता तर नोकरी जाणार होतीच, शिवाय पाण्यात विष घालणारा माणूस म्हणून नाव झालं असतं ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी मुख्य कचेरीनं चौकशीला माणूस पाठवला. ती एक बाई होती, आणि आल्या आल्या तिनं सांगून टाकलं की पाण्यातलं तिला ओ की ठो कळत नाही.

२

त्या वजनमापे खात्यातल्या. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेल्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. दुपारच्या आत आमच्या ड्रायव्हरनं त्यांचं नाव तराजूबाई ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरंय, मागच्या कचेरीत मला काटा म्हणायचे.

मला त्यांनी हाताखाली घेतलं. म्हणाल्या, तू टिपून घे, तुझं अक्षर बरं आहे. मी त्यांच्या शेजारी बसून सगळ्यांचे जबाब लिहिले. आज वाटतं, त्यांना माझं अक्षर नको होतं, माझे हात बघायचे होते.

पहिला ड्रायव्हर. बर्फाच्या पेटीतून बाटल्या त्यानंच आणल्या होत्या. वाटेत कारखान्याच्या फाटकाशी गाडी अर्धा तास उभी होती हे खरं, पण चाक पंक्चर झालं म्हणून. पेटी बंद होती, बाटल्यांची सीलं शाबूत होती, आणि सीलं मीच फोडली होती. बाईंनी त्याला पंक्चर कुठल्या चाकाचं विचारलं, जॅक कुठे ठेवतोस विचारलं आणि सोडून दिलं.

मग कारखान्याचा केमिस्ट. इस्त्रीचा शर्ट, घाईत असलेला. आपल्याला उन्हात किती ताटकळावं लागलं हेच तो सांगत राहिला. म्हणाला, त्यांनी माझ्या दोन बाटल्या भरून दिल्या, एक तपासायला, एक राखीव, मोठ्या होत्या, मग तुमची एक भरली, आणि तेवढ्यात पाणी संपलं म्हणून पुन्हा दोर सोडत बसले.

बाईंनी विचारलं, "पाणी संपलं? विहिरीतलं?"

"छे. काढलेलं."

बाईंनी मान हलवली. मी लिहून घेतलं आणि विसरले.

दोरकाका आले ते नेहमीसारखे खांदा तिरका करून, जणू दोर अजून तिथेच होता. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, ते उभेच राहिले. बाटलीत काही घातलं का, तर नाही. कोणाला घालताना पाहिलं का, तर नाही. मग एकाच विहिरीचे असे आकडे कसे? त्यावर ते म्हणाले, "माझं काम पाणी आणायचं. आकडा ताईंचा."

ताई म्हणजे मी. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी होते, पण कचेरीत ते मला ताईच म्हणत. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तराजूबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी मला एक साधासा प्रयोग करायला सांगितला. त्या प्रयोगानं दोरकाका सुटले आणि संशय माझ्यावर आला.

३

त्या म्हणाल्या, असं समज की तू दोरकाका आहेस. तुला या बाटलीत गुपचूप सॉल्व्हंट घालायचंय. घाल आणि मोज.

मी ड्रॉपरनं एक थेंब घातला. यंत्राची सुई सरळ टोकाला जाऊन थडकली. पाणी दहापट पातळ केलं, शंभरपट केलं, तरी तेच. शेवटी हिशेब मांडला तेव्हा आकडा त्रेचाळीस नव्हता, कित्येक हजार होता.

"अर्धा थेंब?" बाईंनी विचारलं.

अर्ध्या थेंबानंही काही फरक पडत नव्हता. माळरानावर उभं राहून एखाद्यानं सॉल्व्हंटमध्ये बुडवलेल्या टाचणीचं टोक पाण्याला लावलं असतं तरी आकडा त्रेचाळिसावर थांबला नसता. तेवढंच घालायचं तर आधी सॉल्व्हंट हजारो पट पातळ करायला हवं. त्याला नीट खुणा केलेली काचेची भांडी हवीत, शुद्ध पाणी हवं, सावकाश काम करायला टेबल हवं.

तराजूबाई माझ्या टेबलाकडे बघत होत्या. खुणा केलेली भांडी ओळीनं लावलेली होती. शुद्ध पाण्याची बाटली माझ्या उजव्या हाताशी होती.

"म्हणजे हे करू शकेल असा माणूस एकच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बाजारात माप तपासताना जो असतो तसाच आवाज.

मी म्हणाले की मी काही केलेलं नाही. ते खरंही होतं. त्या म्हणाल्या, असेल, आणि खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांनी मला एकच बाटली वीसदा मोजायला लावली. दोन दिवस मी तेच करत होते. बाहेर व्हरांड्यात दोरकाका बाकावर बसून असायचे, कारण चौकशी संपेपर्यंत हजेरी लावणं सक्तीचं होतं. येता जाता मी त्यांच्याकडे बघायचं टाळायची. त्यांचा डबा ते तिथेच खायचे आणि डबा धुतलेलं पाणी कुंडीत ओतायचे.

वीसदा मोजून कळलं ते असं, की एकाच बाटलीचे माझे आकडे एकमेकांपासून फार तर दोननं मागेपुढे होतात. तेवढी माझ्या यंत्राची आणि माझ्या हाताची चूक. बाईंनी तो दोनाचा आकडा कागदाच्या वर लिहिला, खाली ठसठशीत रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आता मला आजवरच्या सगळ्या जुळ्या दाखव."

४

रजिस्टर काढलं. जुळ्या बाटल्यांचं पान वेगळं असायचं. गेल्या पाच वर्षांतल्या एकोणीस जोड्या. नऊ आणि दहा. बारा आणि अकरा. आठ आणि आठ. मला त्या पानाचा अभिमान होता. दर वर्षी अहवालात मी ते जोडायची, आणि साहेब पाहुण्यांना ते दाखवायचे.

तराजूबाईंनी एकोणिसांपैकी प्रत्येक जोडीतला फरक काढला. सगळे दोनच्या आत.

"छान जुळतात," मी म्हणाले.

"फारच छान जुळतात." त्यांनी चष्मा पुसला. "मला सांग, जुळी बाटली कशासाठी भरतात?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. विहिरीपासून टेबलापर्यंत जिथे जिथे फरक पडू शकतो तो सगळा मोजायला. विहिरीतलं पाणी वरखाली सारखं नसतं, दोर कधी जास्त खोल जातो कधी कमी, बाटली भरताना हवा शिरते, वारा असतो, ऊन असतं.

"आणि हे सगळं मिळून फरक पडतो दोनाचा. जेवढा तुझ्या एकट्या यंत्राचा आहे तेवढाच. मग विहिरीला, दोराला, वाऱ्याला स्वतःचा काहीच फरक नाही?"

मी पुन्हा त्या पानाकडे पाहिलं.

त्या सांगू लागल्या. एका गावात दोन दुकानदारांची वजनं तंतोतंत जुळायची. गिऱ्हाइकं खूश, कारण इकडे तोललं तरी तेवढंच, तिकडे तोललं तरी तेवढंच. दोघांनी वजनं एकाच साच्यात ओतून घेतली होती आणि साचाच हलका होता. "दोन साक्षीदार शब्द न शब्द सारखं बोलले की मी विचारते, तुम्ही कुठे भेटला होतात. या बाटल्याही कुठेतरी भेटतात. अगदी शेवटपर्यंत त्या एकच पाणी असतात आणि तुझ्या टेबलाच्या जरा अलीकडे वेगळ्या होतात."

मग त्यांनी पान मागे उलटलं. त्याआधीच्या जोड्या मोजक्याच होत्या, जुळत नाहीत म्हणून अहवालात न धरलेल्या. सव्वीस आणि चव्वेचाळीस. एकोणतीस आणि चाळीस. ओबडधोबड, जुळवता न जुळणाऱ्या. आणि एका विशिष्ट महिन्यापासून सगळं सुतासारखं सरळ.

"या महिन्यात काय झालं?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

मला आठवत होतं. अगदी कोणत्या खिडकीतून ऊन येत होतं तेही आठवत होतं.

५

बाईंनी मग स्टोअरवाल्याला बोलावलं. हा माणूस टाचणीसुद्धा सही घेतल्याशिवाय देत नसे आणि बावीस वर्षांत आपण काय काय दिलं हे त्याला तोंडपाठ होतं. बाईंनी त्याला तो महिना सांगितला. त्यानं वही न बघता उत्तर दिलं की दोरकाकांनी एक बादली नेली होती, पांढऱ्या इनॅमलची, चोच असलेली. मी विचारलं होतं बादली कशाला, तर म्हणाले, लागते. परत अजून आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा नंबरवर गेलो. बाई, दोरकाका, ड्रायव्हर आणि मी. पाच वर्षांत मी त्या विहिरीवर पहिल्यांदा जात होते. मला सांगायला लाज वाटते, पण आमच्याकडे रीतच तशी होती. पाणी आणणारा टेबलाशी येत नसे आणि टेबलावरचा विहिरीशी जात नसे. मधे फक्त बाटली आणि वही.

बाई म्हणाल्या, काका, नेहमी जुळी भरता तशी भरा. मी सांगितलंय म्हणून काही वेगळं करू नका.

काकांनी कुलूप काढलं. पंपानं साचलेलं पाणी उपसून टाकलं, किती ते खडूनं दगडावर रेघा मारून मोजलं. दोराला बांधलेलं लांब नळकांडं खाली सोडलं. हे सगळं इतकं हळुवार, की झोपलेल्या माणसाच्या उशीखालून काही काढतोय असं वाटावं. नळकांडं वर आलं. मग त्यांनी गाडीतून पांढरी बादली आणली, स्वच्छ, घासून घासून कडा उडालेली. नळकांडं तिच्यात रिकामं केलं. पुन्हा सोडलं, पुन्हा रिकामं केलं. चार वेळा. मग काचेच्या दांड्यानं पाणी ढवळलं आणि चोचीतून दोन बाटल्या भरल्या, एक थेंब इकडेतिकडे न सांडता.

"म्हणजे दोघींना सारखं पाणी मिळतं," ते म्हणाले. आवाजात कामाचा रास्त अभिमान होता.

वारा नव्हता. बादलीवरून एक गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता. तो मी ओळखला. माझ्या टेबलावरच्या बाटलीचं बूच काढलं की येतो तोच.

"काका," मी विचारलं, "हा वास नेहमी येतो?"

"ओतताना येतो. मग जातो."

मी दगडावर, त्या खडूच्या रेघांवरच बसले.

६

सॉल्व्हंट पाण्यात राहत नाही, संधी मिळाली की उडून जातं. म्हणून तर बाटली काठोकाठ भरायची आणि बूच लावताना एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, असं माझंच पुस्तक सांगत होतं. आणि इथे पाणी उघड्या बादलीत चार वेळा ओतलं जात होतं, वर ढवळलं जात होतं. दर वेळी त्यातलं बरंचसं हवेत जात होतं. उरलेलं दोन बाटल्यांत अगदी सारखं पडत होतं.

तराजूबाईंनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून सगळं मांडलं. कारखान्याच्या केमिस्टनं त्या दिवशी दोन मोठ्या बाटल्या भरून घेतल्या. त्याच्या दोन आणि आमची एक, एवढ्यात बादली रिकामी झाली. तो उन्हात वैतागलेला, म्हणून काकांनी चौथ्या बाटलीसाठी बादली पुन्हा न भरता नळकांड्यातूनच सरळ जुळी भरली. काकांनी मान डोलावली. असंच झालं होतं. कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे अकरा आणि दहा एकाच बादलीतले, म्हणून एकमेकांशी जुळलेले. त्रेचाळीस विहिरीतलं. तीन साक्षीदारांत खरं बोलणारी तीच एक होती, आणि तिलाच आम्ही खोटं ठरवलं होतं.

"पण मग जुळी नसते तेव्हा?" बाईंनी काकांना विचारलं. "एकच बाटली असते तेव्हा बादली घेता?"

"तेव्हा कशाला? कोणाशी जुळवायचंय?"

बाई माझ्याकडे वळल्या. सहा नंबरची जुळी एकाआड एक खेपेला असायची. मग मधल्या खेपांचे आकडे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.

ते रजिस्टरमध्ये होते. अडतीस, पंचेचाळीस, एकतीस, बावन्न. मी ते कंसात टाकले होते. कंसाचा अर्थ संशयास्पद. अहवालाच्या सरासरीत मी फक्त जुळीनं तपासलेले आकडे घेत होते, कारण तेच भरवशाचे होते. मला वाटायचं, जुळी नसली की काका हलगर्जीपणा करतात. मी त्या माणसाला हलगर्जी ठरवलं, आणि खरे आकडे पाच वर्षं कंसात कोंडून ठेवले.

तराजूबाईंनी कागदाची घडी घातली. त्यांना दोनच गोष्टी कळायच्या राहिल्या होत्या, त्या म्हणाल्या. एक, वस्तीची विहीर आज दुपारी बंद करता येईल की उद्या. आणि दुसरी, काकांना बादलीची बुद्धी कोणी दिली.

७

चौकशीची खोली लहान होती. साहेब, मुख्य कचेरीचे दोन अधिकारी, बाई, मी आणि काका. काका या खेपेलाही उभेच.

बाईंनी जे मांडलं ते ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. बाटलीत काही घातल्याचा आरोप पाच मिनिटांत निकालात निघाला. वस्तीची विहीर आदल्या दिवशीच बंद झाली होती, टँकर चालू झाला होता, नळाचं काम मंजूर होणार होतं. आता राहिली होती बादली. अधिकाऱ्यांपैकी एकानं विचारलं की ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे. कुठल्याच नाही. मग कोणी सांगितली?

मी वर म्हटलं की मला तो महिना आठवत होता. मी सत्तावीस वर्षांची होते, नोकरीत अजून कायम व्हायचं होतं. सव्वीस आणि चव्वेचाळीस ही जोडी बघून साहेबांनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं की तुझं यंत्र बिघडलंय की तू. मी तडक व्हरांड्यात गेले आणि तेच सगळं दुप्पट करून काकांवर ओतलं, ड्रायव्हर आणि स्टोअरवाला ऐकत असताना. एकाच विहिरीचं पाणी आणि दोन आकडे? पुढच्या खेपेला दोन्ही जुळले पाहिजेत. कसे जुळवायचे ते तुमचं तुम्ही बघा. ते दोर नीट गुंडाळत राहिले होते.

आणि त्यांनी जुळवले. हुकूम पाळायचा म्हणून त्यांनी डोकं चालवलं, बादली शोधून काढली, रोज घासून लख्ख ठेवली. पुढच्या वर्षी मी कायम झाले, ते या जुळलेल्या जोड्यांच्या जोरावर.

"कोणी सांगितलं?" अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं.

तराजूबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. माझे हात मांडीवर होते, एकमेकांत अडकवलेले.

"कोणी नाही," काका म्हणाले. "माझंच डोकं."

मला तोंड उघडायला क्षणभराचा वेळ पुरला असता. कोणी पान उलटलं, कोणी खोकलं, आणि तो वेळ गेला.

काकांवर पद्धत मोडल्याचा ठपका बसला. तीन वर्षं आधीच त्यांना घरी बसवलं. वस्तीत अहवाल कोणी वाचला नाही, पण एवढं सगळ्यांना कळलं की दोरकाका पाण्यात काहीतरी गडबड करत होते म्हणून आकडा कमी येत होता आणि आपण पाच वर्षं तसलं पाणी प्यालो. काही म्हणाले, कारखान्यानं त्यांना फितवलं होतं. ज्या वस्तीसाठी त्यांनी बाटलीत विष घातल्याचा आरोप होता, त्याच वस्तीनं त्यांना कारखान्याचा माणूस ठरवलं. वर्षभरात त्यांनी घर सोडलं.

तराजूबाई निघाल्या तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. म्हणाल्या, बादली का वापरली या रकान्यात मी 'कारण कळले नाही' असं लिहिलंय. मी म्हणाले, बरं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच हातांऐवजी चेहऱ्याकडे, आणि गाडीत बसल्या.

८

पुढे मी त्याच प्रयोगशाळेची प्रमुख झाले. टेबलावरच्या प्रत्येकानं वर्षातून चारदा विहिरीवर जायचं, हा नियम मी घातला. त्याचं माझं कौतुक झालं. भाषणांत मी दोरकाकांची गोष्ट सांगायची, त्यातला मला सोयीचा भाग.

निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांचा पत्ता शोधून काढला. दुसऱ्या शहरात, मुलीकडे राहत होते. तिसरा मजला, अरुंद जिना. मुलीनं दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पाणी आणून ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, जरा जास्तच.

काका खिडकीपाशी खुर्चीत होते. ऐंशीच्या पुढचे, वाळून गेलेले, खांदा अजून तिरका. मला बघून हसले. ताई, म्हाताऱ्या झालात, म्हणाले.

मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. हळू आवाजात बोलायला लागले. बादलीचं तुम्ही स्वतःहून केलं नव्हतंत, काका. मीच तुम्हाला म्हणाले होते. त्या खोलीत मी बोलायला हवं होतं, मी बोलले नाही.

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणता?"

मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. त्यांनी मान हलवली. ऐकू येत नाही आताशा, मोठ्यानं बोला.

मग मी ओरडून बोलले. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या. माझा आवाज त्या जिन्यातून खालपर्यंत गेला असेल. ज्या चार शब्दांसाठी एका लहानशा खोलीत माझी जीभ उचलली नव्हती, ते मी साठीला टेकल्यावर परक्या इमारतीत ओरडून सांगत होते, की बादली तुमची नव्हती, हुकूम माझा होता, चूक माझी होती, आणि मी भित्री होते.

भांड्यांचा आवाज थांबला होता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले, कोपरापर्यंत फेस. तिनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ओल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.

काका तिच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळले आणि अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, ताई. तिला ऐकू जायला हवं होतं."

मग त्यांनी तिला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. ती लगेच उठली नाही. आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.